लहरी धनी, मुके कारभारी



काठीची होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती नव्याने सांगायला नको. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या बाजूला सातपुड्याच्या कुशीत हे गाव आहे. होळीची रात्र सारी ढोलांवर जागते. डोक्याला मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू बांधलेले बावा-बुध्या रात्रभर नाचतात. मधोमध साठ-सत्तर फुटांचा बांबू उभा असतो आणि होळी पेटते ती पहाटे. काठी हे जुने भिल्ल संस्थान, म्हणून हिला राजवाडी होळी म्हणतात. तिची परंपरा लोक १२४६ सालापर्यंत मागे नेतात.

होळी राजाची खरी, पण नीट पाहिले तर राजाच्या मर्जीवर त्यात फारसे काही सोडलेले नाही. बांबू कुठून आणायचा, खड्डा कसा काढायचा, पाळणी कोणी आणि किती दिवस पाळायची, होळी केव्हा पेटवायची, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. राजाच्या मनात आले म्हणून ती संध्याकाळी पेटणार नाही, आणि रुसला म्हणून राहणारही नाही. म्हणूनच चार कोसांवरून पायी येणारा माणूस निर्धास्त येतो. कुठे यायचे आणि केव्हा यायचे हे त्याला पक्के ठाऊक असते.

ह्या डोंगरांच्या खाली, तापीकाठच्या सपाटीवर, एके काळी असा निर्धास्तपणा उरला नव्हता. त्याचे एक मोठे कारण दूर पुण्यात गादीवर बसलेले होते. त्या धन्याबद्दल आज बोलायचे आहे. पण त्याआधी आपल्या घरातले एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचे राजकारण अवघड वाटणार नाही.

आपल्या खानदेशात सालदार ठरतो आखाजीला. माझ्या पाहण्यातले दोन धनी आहेत, नावे कशाला घेऊ. एकाचे तोंड म्हणजे तोफ. वखर वाकडा चालला तर बांधावरून अशी शिवी हासडील की बैलसुद्धा कान टवकारतील. पण ठरलेली ज्वारी ठरल्या दिवशी सालदाराच्या घरी पोचणार आणि बोललेला शब्द फिरणार नाही. दुसरे गृहस्थ गोड बोलणारे. सालदाराला 'दादा' म्हणतील, पोराच्या पाठीवरून हात फिरवतील. पण सकाळी सांगतील खालच्या वावरात पाणी दे, दुपारी विचारतील वरचे वावर का सुकले. काल ज्याला कारभार सोपवला, त्याच्याच पाठीमागे आज दुसऱ्याला नजर ठेवायला सांगतील.

पहिल्याकडे सालदार बारा-बारा वर्षे टिकले. दुसऱ्याकडे दर आखाजीला चांगला माणूस निघून जायचा आणि मान डोलावणारा राहायचा. सामाईक विहिरीचा वाटेकरीसुद्धा पुढे पुढे पाण्याच्या पाळ्या स्टँप कागदावर लिहून मागू लागला.

मंडळी, राज्याचेही असेच असते बरं का. तापट धन्याला माणसे सांभाळून घेतात. लहरी धन्याला सांभाळणे कोणालाच जमत नाही, कारण सांभाळायचे काय हेच कळत नाही.

पेशवाईतच दोन्ही नमुने पाहायला मिळतात. थोरले माधवराव १७६१ साली वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आले आणि १७७२ साली थेऊरला वारले. ते तापट होते, चुकलेल्याला त्यांची जरब होती. पण रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पेशवे जपतपात जास्त वेळ घालवू लागले तेव्हा शास्त्रीबोवांनी तोंडावर सांगितले की हेच करायचे असेल तर गादी सोडून गंगाकाठी जाऊन बसा, नाहीतर राज्य करा. पेशव्यांनी ते ऐकले, आणि शास्त्रीबोवा न्यायाधीशाच्या जागेवर कायम राहिले. राग होता, पण समोरच्याला खरे बोलायची भीती नव्हती.

आता दुसरा नमुना, दुसरे बाजीराव.

राघोबादादा आणि आनंदीबाई यांचा हा मुलगा १७७५ साली धारला जन्मला. बाप राज्याचा गुन्हेगार ठरलेला. १७८३ साली तो कोपरगावी वारला. मुलांचे बालपण नजरकैदेत गेले, आधी नाशिकजवळ आनंदवल्लीला, पुढे जुन्नरच्या शिवनेरीवर. दाराशी कायम पहारा, दासीपासून शिपायापर्यंत कोण नाना फडणविसांचा हेर असेल याचा नेम नाही. अशा घरात वाढलेले पोर मनातले ओठावर आणायला शिकत नाही. ज्याला जे ऐकायला आवडते ते बोलायचे आणि आपला मतलब पोटात ठेवायचा, एवढे मात्र त्याला छान जमते. मला ह्या मुलाची थोडी कीवही येते. त्याने आपल्या हाताने काही पेरलेले नव्हते, पण पीक मात्र त्याच्याच वाट्याला आले.

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून वारले. त्यानंतर वर्षभर पुण्यात जो घोळ चालला त्यात कोण कोणाचा हेच कळेनासे झाले. बाजीरावाला आणायचे ठरले, मग मोडले. त्याच्या धाकट्या भावाला, चिमाजी अप्पाला, गादीवर बसवले, मग उतरवले. शेवटी १७९६ च्या डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला. वय बावीसच्या आत. रूप देखणे, वाणी मधुर, संस्कृत चांगले, सोवळे-ओवळे कडक. पहिल्या भेटीत माणूस भाळून जाई. पण दुसऱ्या भेटीत पहिल्या भेटीतला शब्द कुठे गेला, ते शोधावे लागे.

नाना फडणवीस तेव्हा राज्यातला सर्वांत जुना कारभारी. पाव शतक त्याने राज्य सांभाळले होते. बाजीरावाला त्याची भीती होती आणि गरजही होती. १७९७ च्या अखेरच्या दिवशी दौलतराव शिंद्याच्या माणसांनी नानाला दगा देऊन पकडले आणि नगरच्या किल्ल्यात टाकले. पेशव्याने ते होऊ दिले. मग नाना नाही तर पैसा कोण उभा करणार? शिंद्याला दिलेली मोठमोठी वचने होती, ती फेडायला शिंद्याच्या सासऱ्याला, सर्जेराव घाटग्याला, पुणे शहर मोकळे सोडले. सावकारांना तापल्या तोफांवर बसवून पैसे काढले गेले. सारे शहर ओरडू लागले, तेव्हा पुन्हा नानाची आठवण झाली.

ग्रँट डफ लिहितो की नाना सुटून आल्यावर कारभार घ्यायला तयार होईना, तेव्हा बाजीराव रात्री अंधारात एकच सेवक बरोबर घेऊन त्याच्या घरी गेला, रडला, पायांवर डोके ठेवले, तुमच्या कैदेत माझा हात नव्हता अशा शपथा घेतल्या. नानाने कारभार पत्करला. थोड्याच दिवसांत त्याच्या कानावर आले की पेशवा शिंद्याशी त्याला पुन्हा पकडण्याच्या गोष्टी करतो आहे. अशा धन्यापुढे साठीकडे झुकलेल्या कारभाऱ्याने काय सल्ला द्यावा? त्यानंतर नाना सल्ले कमी देत गेला. १३ मार्च १८०० ला तो वारला. मराठी राज्यातले शहाणपण आणि संयम त्याच्याबरोबर गेला, अशा अर्थाचे पुण्याच्या इंग्रज वकिलाने, पामरने, तेव्हा लिहून ठेवले.

नानामागे मग कारभारी आले आणि गेले. बाळोजी कुंजर, सदाशिव माणकेश्वर, खुश्रुजी मोदी, त्रिंबकजी डेंगळे. एकाला चढवायचे, दुसऱ्याकरवी त्याच्यावर नजर ठेवायची, मग दुसऱ्याला चढवायचे. ह्यातले काही जण हुशार होते, माणकेश्वर तर निजामाच्या दरबारी वकिली करून आलेला. पण हुशार माणूस लवकर शिकतो, आणि तिथे शिकायचे एकच होते. आज खरे बोललो तर उद्या तेच आपल्या अंगावर येईल, तेव्हा धन्याचा चेहरा पाहावा आणि बोलावे.

परगण्यांचाही तोच प्रकार. मामलती इजाऱ्याने, जो जास्त बोली लावील त्याला. आज बोली लावून घेतलेला परगणा उद्या दुसऱ्याने जास्त बोली लावली की गेला. मग मामलेदार आपल्या मुदतीत रयतेला पिळणार नाही तर काय करणार? उसाचा चोथा झाला तरी चरकातून पुन्हा काढायचा. शेतकऱ्याने कोणाकडे दाद मागावी? ज्याच्याकडे मागायची तो पुढच्या हंगामात असेल की नाही, हेच माहीत नाही.

पण खरा घाव बसला तो विठोजी होळकराच्या मरणाने.

होळकरांचे घर तेव्हा फुटलेले होते. १७९७ साली शिंद्याच्या फौजेने पुण्यात मल्हारराव होळकराला मारले होते. त्याचे भाऊ यशवंतराव आणि विठोजी रानोमाळ झाले. विठोजी पंढरपूरच्या बाजूला लुटालूट करीत असताना पकडला गेला. अपराध होताच. पण होळकर म्हणजे राज्याचा एक खांब. त्याला कैदेत ठेवून यशवंतरावाशी बोलणे करता आले असते, आणि यशवंतरावाचे मागणे तरी काय होते? पुतण्या खंडेराव सोडावा आणि होळकरांची दौलत होळकरांना मिळावी. बाजीरावाने काय केले? १८०१ च्या एप्रिलमध्ये विठोजीला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले, आणि स्वतः बाळोजी कुंजरासह वरून पाहत बसला. जुना सूड निघाला, एक सकाळ समाधान झाले.

दीड वर्षाने, २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, यशवंतरावाने हडपसरजवळ पेशवा आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. बाजीराव पळाला. सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग, आणि तिथून इंग्रजांच्या गलबताने वसई. यशवंतराव परत या म्हणून निरोप पाठवत होता. पण विठोजीची ती सकाळ आठवून बाजीरावाचा त्या निरोपांवर विश्वास बसेना. ज्याचा शब्द खरा नसतो त्याला दुसऱ्याचाही शब्द खरा वाटत नाही.

३१ डिसेंबर १८०२ ला वसईला तह झाला. इंग्रजांची सहा हजारांची तैनाती फौज पेशव्याच्या मुलुखात कायम राहणार, तिच्या खर्चापोटी २६ लाख रुपये वसुलाचा मुलूख द्यायचा, सुरतेवरचा हक्क सोडायचा, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले वाद इंग्रज तोडतील ते मान्य करायचे आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी बोलणे करायचे नाही. ज्याला शिंदे, होळकर, भोसले यांच्यापैकी कोणीच आपला राहिला नव्हता, त्याने परक्याला घरात घेतले आणि दाराची किल्ली त्याच्या हाती दिली. तहावर सही करता करताच त्याने शिंदे-भोसल्यांना, आपण नाइलाजाने हे केले, धावून या, असे निरोप धाडले. म्हणजे इंग्रजांशीही सरळ नाही आणि आपल्या माणसांशीही नाही. शिंदे-भोसले लढले, १८०३ साली असई आणि अडगावला हरले. पेशवा त्या वर्षीच्या मे महिन्यातच इंग्रज पलटणींच्या पहाऱ्यात पुण्याला परतला होता.

हे झाले पुण्याचे. आता आपल्याकडे वळू.

खानदेशात तेव्हा पेशवे, शिंदे आणि होळकर ह्या तिघांचेही परगणे गुंतलेले होते. पुण्यात ह्या तिघांचे बिनसले की पहिला जाळ इथल्या कडब्याच्या गंजीला लागे. १८०२ साली होळकराच्या फौजा इथूनच गेल्या. शहादा तालुक्यातले सुलतानपूर तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. परगण्याचे ते मोठे ठिकाण, बाजारपेठेचे गाव. त्या साली होळकराने ते उद्ध्वस्त केले, ते पुन्हा उभे राहिलेच नाही. त्यावर १८०३-०४ चा दुष्काळ आला. आधीच बी-बियाणे लुटले गेलेले, बैल हाकून नेलेले, त्यात पावसाने दगा दिला. गावेच्या गावे ओस पडली. नांगरलेल्या जमिनीत काटेरी झुडपे वाढली आणि झुडपांत वाघ राहू लागले. इंग्रज अंमलदार पंधरा वर्षांनी आले तेव्हाही त्यांनी वाघांचा उपद्रव मोठा असल्याचे नोंदवले आहे.

ह्याच नासाडीत भिल्ल गावापासून तुटला. खानदेश गॅझेटियरात हे स्पष्ट लिहिले आहे. तोवर पुष्कळ गावांत भिल्ल हा जागल्या होता, रात्रीची राखण त्याच्याकडे होती, आणि तो इमानी म्हणून नावाजलेला होता. गावच राहिले नाही तर राखण कशाची करायची आणि बलुते कोण देणार? तो सातपुड्यात, सातमाळ्यात, अजिंठ्याच्या डोंगरात गेला आणि पोटासाठी खाली उतरून लुटू लागला. मग त्याच्या बंदोबस्ताला पेशव्याचे अंमलदार निघाले. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने मोठ्या संख्येने भिल्लांना बोलणीसाठी कोपरगावला बोलावले. सरकारचा शब्द म्हणून लोक आले. त्यांना पकडून विहिरींत लोटण्यात आले. ज्या कोपरगावात बाजीरावाचा बाप वारला त्याच कोपरगावात हे घडले. वरच्या धन्याने विठोजीच्या बाबतीत घालून दिलेला कित्ता खालच्या अंमलदाराने गिरवला, असे मला वाटते. माणसे धन्याच्या हुकमापेक्षा त्याची चालच लवकर उचलतात.

पुढची गोष्ट १८१४-१५ ची. गायकवाडांशी पेशव्याचा जुना हिशेब आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा प्रश्न होता. तो मिटवायला बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला आले. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. बाजीरावाने आधी त्यांना ताटकळत ठेवले, मग एकाएकी डोक्यावर घेतले. तुम्ही माझेच कारभारी व्हा म्हणू लागला, आपली मेहुणी शास्त्रीबोवांच्या मुलाला द्यायचे ठरवले, नाशिकला लग्नाची तयारीसुद्धा झाली. शास्त्रीबोवांना ह्या मायेचीच धास्ती वाटू लागली आणि ते मागे सरले. त्याचा राग आला, पण चेहऱ्यावर गोडी कायम. आषाढीला पंढरपूरला बरोबर नेले. २० जुलै १८१५ च्या रात्री विठोबाचे दर्शन घेऊन परतताना शास्त्रीबोवांना रस्त्यावर तोडले.

संशय गेला त्रिंबकजी डेंगळ्यावर. हा मूळचा जासूद, धन्याने म्हटले आणि ह्याने केले नाही असे कधी झाले नाही, म्हणूनच एवढा चढला. इंग्रज वकील एल्फिन्स्टन याने त्याला मागितले. बाजीरावाने देतो म्हटले, देत नाही म्हटले, फौज जमवली, फौज पांगवली, आणि सप्टेंबरात त्याला हवाली केले. त्रिंबकजी वर्षभराने ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. मग पेशवा म्हणे मला पत्ता नाही, आणि आतून पैसा पुरवी. त्याची किंमत १८१७ च्या जूनमधल्या पुणे तहात मोजावी लागली. मराठी राज्यांचा मुख्य म्हणून असलेला मानच कागदावर लिहून सोडावा लागला. नगरचा किल्ला गेला.

त्याच वर्षी ऑगस्टात माल्कम नावाचा इंग्रज सेनानी माहुलीला बाजीरावाला भेटला. बाजीराव इतके गोड आणि कळवळून बोलला की माल्कमसारखा मुरलेला माणूसही विरघळला. पेशवा आता आपला झाला असे त्याला वाटले आणि गहाण घेतलेले किल्ले परत देण्याची त्याने शिफारस केली. तीन महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीची लढाई झाली.

आता एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगायला हवी. इंग्रज काही साधुसंत नव्हते. वेल्सली गव्हर्नर जनरल झाल्यापासून एकेक हिंदी राजा तैनाती फौजेच्या दाव्याला बांधायचा, हा त्यांचा ठरलेला डाव होता. दौलतराव शिंदा पोरवयाचा आणि उधळ्या, यशवंतराव शूर पण त्याच्या फौजेनेच आपला मुलूख जाळला. बाजीराव स्थिर बुद्धीचा असता तरी इंग्रज आलेच नसते असे मी म्हणणार नाही. त्याचे पुष्कळसे चित्र इंग्रजांच्या लेखणीतूनच आले आहे, हेही ध्यानात ठेवावे. पण एवढे खरे की १७९५ साली खर्ड्यावर निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एका झेंड्याखाली उभे होते, आणि सात वर्षांत त्यांतला कोणीही पेशव्याच्या शब्दावर विसंबायला तयार नव्हता.

हा रोग आपल्यापुरताच आहे असेही नाही. जर्मनीचा कैसर दुसरा विल्यम याने १८९० साली जुन्या बिस्मार्कला घरी बसवले आणि त्याच वर्षी रशियाशी असलेला करार पुढे चालवायला नकार दिला. चार वर्षांत रशिया आणि फ्रान्स एक झाले. १९०८ साली लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' पत्रात तो असे काही बोलून बसला की इंग्रज दुखावले आणि घरचे जर्मनही संतापले. आपल्या काळातले उदाहरण हवे तर अमेरिकेचे घ्या. अध्यक्ष ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत सीरियातून सैन्य काढण्याचे एकाएकी जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी, २० डिसेंबर २०१८ ला, संरक्षणमंत्री मॅटिस यांनी राजीनामा दिला. दोस्त राष्ट्रांना मानाने वागवले पाहिजे, असे त्यांनी त्यात लिहिले होते.

हे लांबचे वाटते का? २०२५ च्या ऑगस्टात ट्रम्प सरकारने भारताच्या मालावरचा कर आधी २५ टक्के केला आणि २७ तारखेपासून बहुतेक मालावर ५० टक्क्यांवर नेला. आपल्या कापड धंद्याचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका. गिरण्यांना आधार म्हणून दिल्ली सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले, आणि ती माफी पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे शहादा-तळोद्याच्या वावरात कैऱ्या भरत होत्या त्याच वेळी बाहेरच्या कापसाला दार उघडले गेले. वॉशिंग्टनच्या मनात काय आहे, हा प्रश्न त्या साली आमच्या बाजारातल्या आडतीवरही ऐकू आला.

बाजीरावाच्या शेवटच्या सल्लागारांत एक माणूस मात्र मनाचा सच्चा होता, बापू गोखले. १८१७ साली लढाईची सूत्रे त्याच्या हाती आली, पण धनी तोवर पळायच्या तयारीत. खडकी, येरवडा, कोरेगाव, मग साताऱ्यापासून सोलापुरापर्यंत धावाधाव. २० फेब्रुवारी १८१८ ला अष्टीला इंग्रज घोडदळाने गाठले. पेशवा निघून गेला आणि बापू गोखले उभा राहून लढता लढता पडला. उरलेले सरदार एकेक करून आपापली जहागीर वाचवायला इंग्रजांकडे गेले, आणि त्यांना दोष तरी काय द्यावा? ३ जून १८१८ ला असीरगडाजवळ धुळकोटला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाख रुपये ठरले. पुढे गंगाकाठी बिठूरला त्याने बाकीचे आयुष्य काढले आणि १८५१ साली तो वारला. रामशास्त्र्यांनी थोरल्या माधवरावांना सांगितलेली गंगाकाठची जागा ह्याला अशी मिळाली.

खानदेशात कॅप्टन ब्रिग्ज आला. त्याने धुळे हे ठाणे केले, व्यापारी बोलावून वसवले, मेवासातल्या प्रमुखांशी, त्यांत काठीही आले, वहिवाट ठरवण्याची बोलणी सुरू झाली. (मेवासी जहागिरींचे हे मालकी हक्क पुढे १९६१ च्या कायद्याने संपले.) पण डोंगरातला भिल्ल खाली यायला तयार नव्हता. सरकार माफी देते, जमीन देते, बैल देते, भेटायला या, असे निरोप गेले की डोंगरातून उत्तर म्हणून बाणच येत. कोपरगावच्या विहिरी कोणी विसरले नव्हते. सरकार बदलले होते, पण निरोप तसाच होता ना! फौजा पाठवून पाहिल्या, तापाने शिपाईच जास्त मेले. अखेर १८२५ साली औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने दुसरी वाट धरली. तो त्यांच्या वस्त्यांत गेला, त्यांच्याबरोबर शिकारीला हिंडला, त्यांच्यातच निजला. धरणगावला भिल्लांची पलटण उभी राहू लागली, ती त्यानंतर, सुरुवातीला अगदी मोजक्या माणसांनिशी.